मागं राहिलेली माणसं

‘माबोरोशी’ नावाचा एक जपानी चित्रपट आहे, १९९५चा. हिरोकाझू कोरे-एडाचा हा पहिला कथापट. ओसाका शहरातलं तरुण जोडपं, तीन महिन्यांचं बाळ, बेताचा पण हसताखेळता संसार. नवरा कामावर जातो, संध्याकाळी येतो. घरात भांडण नाही, दुखणं नाही, कुणाचा तगादा आलेला दिसत नाही. एका रात्री तो घरी येत नाही आणि दारात पोलीस येतात. इथून पुढचा सगळा चित्रपट तिचा, युमिकोचा. काही वर्षांनी ती दुसरं लग्न करते आणि लेकराला घेऊन नोतो द्वीपकल्पावरच्या एका कोळ्यांच्या गावात नांदायला जाते. नवा नवरा भला आहे. त्याची लहान मुलगी हिच्या मुलाला आपला मानते. सासरा उन्हात बसून असतो. सगळं बरं चाललेलं असतं, आणि त्या बऱ्या चाललेल्या दिवसांच्या खालून एकच प्रश्न वाहत राहतो : तो का गेला?

कोरे-एडा तिच्या तोंडाजवळ कॅमेरा नेत नाही. ती खिडकीशी बसलेली असते, निम्मी अंधारात. खिडकीतून येईल तेवढाच उजेड तिच्यावर पडतो. शेवटाकडे समुद्राच्या कडेनं एक अंत्ययात्रा जाते. माणसं फार लांबून दिसतात आणि ती त्यांच्या मागून चालत जाते. तिथं, समुद्रासमोर, ती तो प्रश्न नवऱ्याला मोठ्यानं विचारते. तो सांगतो, माझे वडील मासे धरायला जायचे तेव्हा त्यांना कधीकधी दूर पाण्यावर एक सुंदर उजेड दिसायचा, तो बोलवायचा. असं कुणाचंही होऊ शकतं. एवढंच. याला उत्तर म्हणावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी तिच्या शेजारी थांबून तो प्रश्न पुरता ऐकून घेतलेला असतो.

हे मी हदगाव तालुक्यात बसून लिहितोय. नांदेड जिल्ह्याचा हा पैनगंगेच्या अलीकडचा तालुका. नदी ओलांडली की उमरखेड, म्हणजे यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. नकाशावर दोन विभाग आहेत. माती मात्र दोन्ही काठांना काळीच आहे, पिकं तीच, सोयाबीन आणि कापूस. ईसापूर धरणाचं पाटाचं पाणी ज्यांच्या रानाला लागतं त्यांची हळद आणि ऊस, बाकीच्यांचं सगळं आभाळावर. आणि दोन्ही काठांच्या गावांमध्ये युमिकोला बघताक्षणी ओळखतील अशा बाया आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मिळून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा आकडा अलीकडं वर्षाला हजाराच्या आसपास राहत आलाय. पेपरात तो आकडा येतो. मागं राहिलेल्यांचा आकडा कुठंच येत नाही, आणि आला तरी तो कसा मोजायचा? आई धरायची का? शाळेतून अधूनमधून गायब होणारा मुलगा धरायचा का? बैलानं चार दिवस वैरणीला तोंड लावलं नव्हतं, ते कुठं लिहायचं?

ज्याच्यासाठी मी हे लिहितोय त्याला मी दादा म्हणायचो. गावच्या भजनात तो पखवाज वाजवायचा. एकादशीला मंडळी जमायच्या आधी येऊन कणीक मळायचा, पखवाजाच्या डाव्या तोंडाला अंगठ्यानं दाबत दाबत लावायचा, थाप मारायचा, कान वाकडा करून ऐकायचा, परत थोडी काढायचा. कुणी घाई केली तर म्हणायचा, “बसू दे की जरा, त्याला बोलायचंय.” लग्नकार्यात पंगत उठेपर्यंत वाढायला उभा. स्वतः शेवटी, भांड्याला चिकटलेलं खाऊन. ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं आमच्या भागातला कापूस बोंडातच संपवला, त्या २०१७च्या हंगामानंतर तो गेला. दवाखान्याचं कर्ज होतं, थोरलीच्या लग्नाचं होतं, बियाण्याची उधारी होती. पण हे सगळं त्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात होतं. तीच अळी, तेच भाव, तेच सावकार, आणि बाकीची माणसं सकाळी उठून शेतात गेली. म्हणून ‘कर्जामुळं’ हा शब्द मला कधी पुरला नाही. कर्ज खरंच होतं, आणि ते नसतं तर तो आज असता असं मला ठामपणे वाटतं. तरीही त्या शब्दात दादा मावत नाही.

सरकारी कागदाला मात्र कारण लागतं. पंचनामा होतो, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, सातबारा लागतो, आठ-अ लागतो, कर्ज असल्याचा दाखला लागतो. मग जिल्ह्याच्या समितीपुढं प्रकरण जातं आणि समिती ठरवते : पात्र किंवा अपात्र. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले तीस हजार धनादेशानं हातात, सत्तर हजार ठेवीत. राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज असलं तरच ते कर्ज. पाहुण्यानं हातउसने दिलेले पैसे त्यात येत नाहीत. खतबियाण्याच्या दुकानातली उधारी येत नाही. आणि आमच्याकडं माणसाच्या झोपेवर बसलेलं असतं ते बहुतेक हेच कर्ज. दादाचं प्रकरण अपात्र ठरलं. कुणा एका माणसानं दुष्टावा केला असं मी म्हणत नाही. टेबलामागच्या माणसापुढं निकषांचा कागद होता, त्यानं तो वाचला. पण त्या दिवशी वहिनींना कुणीतरी सांगून आलं की तुमचा माणूस अपात्र झाला. एवढंच वाक्य. ज्या माणसाला गावानं आयुष्यभर पंगतीत पहिल्यांदा हाक मारली, तो मेल्यावर अपात्र झाला.

वहिनींनी पुढं कितीतरी दिवस त्या पैशाचा विषयसुद्धा काढला नाही. भेटलं की एकच : “कामून गेले असतील भाऊजी? मला तर समदं सांगायचे. माचिस संपली तरी सांगायचे.”

कोरे-एडा ‘माबोरोशी’पर्यंत आला तो याच वाटेनं, हे मला फार नंतर कळलं. तो आधी टीव्हीसाठी माहितीपट करायचा. १९९१ साली त्यानं दोन मृत्यूंवर एक माहितीपट केला. एक बाई होती, जिची सरकारी मदत बंद झाली होती. दुसरा होता पर्यावरण खात्यातला एक मोठा अधिकारी. मिनामाता खाडीत कारखान्यानं पारा सोडला, मासे खाऊन माणसं लुळी झाली, मेली. त्या रोग्यांच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात सरकारची बाजू सांभाळायचं काम या अधिकाऱ्याकडं होतं. तरुणपणी त्यानं कल्याणकारी योजनांवर मनापासून काम केलेलं. रोग्यांकडून बोलावं असं आतून वाटत असणार आणि बोलावं लागत होतं सरकारकडून. त्यानं स्वतःला संपवलं. मदत नाकारली गेलेली बाई आणि मदत नाकारणाऱ्या यंत्रणेतला माणूस, दोघंही एकाच माहितीपटात. टेबलाच्या दोन्ही बाजूंना मरण बसलेलं असतं, हे ज्यानं तिशीच्या आत बघितलं, त्याला पुढं खलनायक रंगवता आला नाही यात नवल नाही. त्या अधिकाऱ्याच्या पत्नीला तो भेटत राहिला, आणि तिच्या मागं राहण्यातून त्याला युमिको दिसली.

जपाननं आत्महत्यांचा विषय फार काळ घरातच ठेवला होता. १९९८ साली आकडा तीस हजारांच्या वर गेला आणि सलग चौदा वर्षं वरच राहिला. ज्यांचे आई-वडील असे गेले होते ती मुलं पुढं येऊन बोलायला लागली, तेव्हा कुठं लोकांना लाज वाटायची थांबली, आणि २००६ साली प्रतिबंधाचा कायदा झाला. मुलांना बोलावं लागलं, हे मी इथं मुद्दाम लिहितो. आपल्याकडं त्या मुलांना वर्गात कुणीतरी हळूच बोटानं दाखवतं.

पैनगंगेच्या पलीकडं, वऱ्हाडात, सतीश मनवरांनी ‘गाभ्रीचा पाऊस’ केला, २००९ साली. गावात एकानं जीव दिलाय आणि अलका या बाईला आपल्या नवऱ्याच्या गप्प बसण्याची भीती वाटू लागते. ती त्याच्यावर पहारा ठेवते. लहान पोराला सांगते, बाबाच्या मागं मागं राहा. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी तो संसार असा उभा केलाय की बघताना आपल्यालाही त्या माणसाच्या मागं जावंसं वाटतं. या चित्रपटात पावसाची वाट आहे, कर्ज आहे, सगळं आहे. पण माझ्या मनात राहिलं ते पोर. बापाच्या मागं बांधावरून चालणारं, खेळावं की पहारा द्यावा हे न कळणारं पोर. दादाच्या धाकट्यानं एकदा मला विचारलं होतं, “काका, मी त्या दिवशी शाळेत नसतो गेलो तर?” तेव्हा तो आठवीत होता. मी त्याला काहीतरी सांगितलं असेल. काय सांगितलं ते आठवत नाही. त्याचा प्रश्न तेवढा आठवतो.

१९९५ हे साल माझ्या डोक्यात दोन चित्रपटांचं म्हणून बसलंय. तिकडं ‘माबोरोशी’ आला आणि इकडं सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’. लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात जातो, आणि थोरली गौरी अपशकुनी ठरते. बाप कोसळतो, घर बसतं, मामा तिला मुंबईला नेतो, आणि तिचं काय होतं हे सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. तिच्या पैशावर घर उभं राहतं, आणि धाकटीच्या लग्नात तिलाच जागा नसते. उत्तरा बावकरांनी केलेली ती आई मला माझ्या गावातल्या दहा आयांमध्ये दिसते. दगड झालेली, आणि दगड व्हायला भाग पाडलेली. भावेबाईंनी त्या आईलाही दोषी ठरवून मोकळं होऊ दिलं नाही. धाकटी कृष्णा बहिणीचा हात सोडत नाही, तेवढ्यावर सगळा भार.

सुमित्रा भावे समाजकार्याच्या अभ्यासातून सिनेमात आल्या. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत होत्या, वस्त्यांमधल्या बायकांवर संशोधन करत होत्या. अहवालात त्या बायका सापडेनात, म्हणून त्यांनी १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट केला. कोरे-एडा माहितीपटाकडून आला, या संशोधनाकडून आल्या. दोघांनीही माणसाविषयी आधी कागदावर लिहून पाहिलं होतं आणि कागद कुठं कमी पडतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला हे नातं कुणी समीक्षकानं सांगितलेलं नाही. मी ते आमच्या गावातल्या पंचनाम्यावरून जोडलंय, आणि ते खरं आहे असं मी धरून चालतो.

१९ एप्रिल २०२१ रोजी भावेबाई गेल्या. कोविडची दुसरी लाट चालू होती. नांदेडला, लातूरला प्राणवायूसाठी लोक रात्र रात्र फोन करत होते. रोज इतके जण जात होते की एकीसाठी वेगळं रडायला कुणाला उसंत नव्हती. महिनाभरानं, मेमध्ये, त्यांचा ‘दिठी’ घराघरांतल्या लहान पडद्यांवर आला. मी तो मोबाईलवर पाहिला. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा हा चित्रपट. रामजी लोहार, जुना वारकरी, त्याचा तरणाताठा मुलगा पुरात वाहून गेलाय. इतकी वर्षं केलेली वारी, अभंग, टाळ, सगळ्यावरचा त्याचा विश्वास उडालाय. सून नुकतीच बाळंत झालीय, पण तिचं आणि नातीचं तोंड बघायला तो तयार नाही. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय. आणि त्या पावसात कुणाची तरी गाय अडलीय. वासरू सोडवायची कला रामजीच्या हातात आहे. तो उठतो आणि जातो. किशोर कदमांचे ते हात मी कितीदा तरी मागं नेऊन पाहिलेत. दुःख संपलेलं नाही, कुणी समजूत घातलेली नाही. फक्त हातांना जे येतं ते हात करतात.

याच गाईपाशी मला पुन्हा कोरे-एडा भेटतो. त्याच १९९१ साली त्यानं नागानोतल्या इना गावच्या एका प्राथमिक शाळेवर माहितीपट केला. तिथं मुलांनी एक वासरू वाढवलं. चारा आणला, गोठा बांधला, हिशेब केला, आणि त्या हिशेबातून गणित शिकले. वासराची गाय झाली, गाभण राहिली, आणि तिचं पहिलं पिल्लू मेलेलं निघालं. मुलांनी त्याला माती दिली, रडली. पण गाईच्या आचळात दूध आलेलं होतं. ते काढावं तर लागणार. मुलांनी धार काढली, दूध तापवलं, प्यायलं, आणि दुःख असताना ते दूध गोड कसं लागलं यावर कविता लिहिल्या. मला वाटतं, पुढच्या तीस वर्षांचा कोरे-एडा त्या शाळेत घडला. आणि आमच्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नाही. ज्या घरातून सकाळी तिरडी निघाली, त्या घरातही संध्याकाळी धार काढावी लागते. दादा गेला त्या संध्याकाळी वहिनींच्या जावेनं म्हैस पिळली आणि जमलेल्या माणसांना त्याच दुधाचा चहा झाला. तो चहा सगळ्यांनी घेतला.

अलीकडच्या जपानी सिनेमाविषयी बोलताना लोक म्हणतात, हा खाण्याचा सिनेमा आहे. ते खरंच आहे, पण का ते नीट सांगत नाहीत. ‘स्टिल वॉकिंग’मध्ये थोरल्या मुलाच्या स्मृतिदिनाला घर जमतं. तो मुलगा एका बुडणाऱ्या पोराला वाचवताना गेलेला. आई मक्याचे दाणे सोलून त्याची भजी तळते, दाणे तेलात उडतात, सगळे हसतात. आणि तीच आई, ज्या पोराला वाचवताना मुलगा गेला त्याला दरवर्षी या दिवशी जेवायला बोलावते, कारण त्यानं विसरू नये, त्यालाही वर्षातून एकदा जड जावं. किती क्रूर आणि किती खरं. वर्षश्राद्धाला पानावर बसलेली आमच्याकडची माणसं आठवून बघा, कोण कुणाला कशासाठी वाढतंय ते कळेल. ही आई केली किरिन किकीनं. स्वतःची आई गेल्यावर कोरे-एडानं हा चित्रपट लिहिला होता.

किकीबाई त्याच्या सहा चित्रपटांत होत्या. शेवटचा ‘शॉपलिफ्टर्स’, २०१८चा, ज्याला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. रक्ताचं नातं नसलेली माणसं एका खोपटात राहतात. म्हातारीच्या पेन्शनवर आणि दुकानांतून उचललेल्या किरकोळ सामानावर जगतात. मार खाणारी एक चिमुरडी त्यांना थंडीत बाहेर सापडते, ती घरी येते. एक दिवस सगळे समुद्रावर जातात. म्हातारी वाळूत बसून लाटांत उड्या मारणाऱ्या त्या आपल्या नसलेल्या लेकरांकडं बघते आणि तिचे ओठ हलतात. आवाज नाही. ते शब्द संहितेत नव्हते. संकलनाला बसल्यावर दिग्दर्शकाच्या लक्षात आलं की त्या आभार मानत होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात किकीबाई कर्करोगानं गेल्या.

त्यांचा नाओमी कावासेबरोबरचा ‘अन’ हा २०१५चा चित्रपटही इथं यायलाच हवा. वाकड्या बोटांची एक म्हातारी लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण रांधते. रांधण्याआधी ते दाणे कुठून आले, कुठला वारा खाऊन आले, ते ऐकते म्हणते. तिला लहानपणी कुष्ठरोग झाला होता आणि तिचं सगळं आयुष्य कुंपणाआड गेलं. रोग्यांना डांबून ठेवायचा जपानचा कायदा १९९६ साली उठला, औषध सापडून कैक दशकं झाल्यावर. आपल्याकडं १८९८चा कायदा २०१६ साली गेला. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं ते १९४९च्या सुमारास. वरोरा इथून फार लांब नाही. ती पुरण ढवळणारी म्हातारी मला तिथलीच वाटते.

चिए हायाकावाच्या ‘प्लॅन ७५’ची (२०२२) मला भीती वाटते. त्यात सरकार पंच्याहत्तरीच्या पुढच्या कुणालाही फुकट आणि वेदनारहित मरणाची सोय देतं. वर एक लाख येन हातखर्चाला. कुणी ओरडत नाही, कुणी जबरदस्ती करत नाही. खिडकीतला तरुण नम्र आहे, फोनवर पंधरा मिनिटं बोलणारी मुलगी तर मायेची आहे. अर्ज सोपा आहे. आमच्या तहसीलच्या ओसरीत हयातीचा दाखला घेऊन निराधार योजनेच्या पंधराशे रुपयांसाठी उन्हात बसलेल्या म्हाताऱ्यांना पाहिलं की त्या नम्र खिडकीची आठवण येते. मुखेड-कंधारच्या तांड्यांवर दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं अशाच म्हाताऱ्या सांभाळतात, पाडव्यापर्यंत. त्या नसत्या तर कोरे-एडाच्या ‘नोबडी नोज’मधल्या, आई सोडून गेलेल्या चार भावंडांसारखी किती पोरं बंद दाराआड वाढली असती? आपल्याकडं अजून आजी आहे. किती वर्षं असेल, ते मला सांगता येत नाही, आणि त्याची काळजी मला रात्रीची छळते.

नोतोचं एक सांगायचं राहिलं. युमिको जिथं नांदायला गेली तो वाजिमाचा किनारा १ जानेवारी २०२४च्या भूकंपानं उद्ध्वस्त झाला. नववर्षाचा पहिला दिवस. जपानमध्ये त्या दिवशी बाहेरगावी गेलेली मुलं घरी आलेली असतात, म्हणजे घरं भरलेली होती. लातूरकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावं झोपेत होती, कारण आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं आणि माणसं दमून, उशिरा, आपापल्या घरी निजली होती. हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. मग नवी गावं सरळ रेषेत बसवली गेली, नवीन घरं, नवीन नंबर. तिथल्या जुन्या बाया आजही कुठं जायचं असलं की जुन्या गावातल्या गल्लीचं नाव सांगतात, जी गल्ली आता नाही.

‘आफ्टर लाइफ’ (१९९८) मी वहिनींना नुसता सांगितला, दाखवला नाही. त्यांना वाचून बघायचा कंटाळा. मेलेली माणसं एका जुन्या इमारतीत येतात, असं सांगितलं. तिथंही टेबलं आहेत, कारकून आहेत, मुदत आहे. पण तिथलं कचेरीतलं माणूस तुम्ही कशानं मेलात हे विचारत नाही. ते विचारतं, तुमच्या सगळ्या आयुष्यातला कोणता एक क्षण तुम्हाला सोबत न्यायचाय? निवडायला तीन दिवस. मग ते लोक पुठ्ठे, कापूस, जुन्या वस्तू जमवून तो क्षण तुम्हाला परत उभा करून देतात, त्याचं चित्रीकरण करतात, आणि तो घेऊन तुम्ही जाता. कोरे-एडानं यासाठी शेकडो साध्यासुध्या माणसांना त्यांच्या आठवणी विचारल्या होत्या, आणि त्यातली काही माणसं पडद्यावर स्वतःच बोलतात.

वहिनी दाराशी बसून तूर पाखडत होत्या. थोरली माहेरपणाला आली होती, धाकटा मोटारसायकल पुसत होता. मी विचारलं, दादा कोणता क्षण घेऊन गेला असता?

वहिनींनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, तामशाची करी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तामशाला बारालिंगाच्या देवळात भाजी-भाकरीची पंगत असते. गावोगावच्या घरांतून भाकरी येतात, तिथं सगळ्या भाज्या एकत्र करून कढईत शिजतात, आणि कुणीही कुणाच्या शेजारी बसून जेवतं. धाकटा पोटात होता त्या साली दादा भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन गेला होता. जेवायला म्हणून गेला आणि वाढायलाच उभा राहिला. तिन्हीसांजेला परतला तेव्हा पाय सुजले होते आणि अंगाला भाजीचा वास. “म्हणाले, एका माणसानं माझ्या हातानं पाचदा भाजी घेतली. तोच सांगत बसले रात्रभर. ते तेच नेतील.”

“नाई,” थोरली म्हणाली, “बाबा विहिरीला पाणी लागलं तो दिवस नेतील. मला खांद्यावर घेऊन आत दाखवलं होतं त्यायनी.”

“त्या दिवशी तर माझ्याशी भांडले होते,” वहिनी म्हणाल्या, “पेढे पावशेरच कामून आणले म्हणून. अख्ख्या गल्लीला वाटायचे होते त्यायला.”

“मग काय झालं? भांडण झालं म्हणून दिवस वाईट होतो का?”

धाकट्यानं फडकं टाकलं आणि तोही ओट्यावर येऊन बसला. दोघींचंही चुकतंय, म्हणाला. पखवाजाला नवीन शाई भरून आणली होती त्या दिवसाचं तुम्हाला कुणालाच माहीत नाही, कारण बाबासोबत नांदेडला तो एकटाच गेला होता. मग त्यानं ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. वहिनी मध्ये मध्ये तोडत होत्या, थोरली खरं नाही म्हणत होती, आणि दादाच्या घरात दादावरून चांगलंच भांडण पेटलं.